अप्पांचं मरण पुसायला

पुण्याला मी याआधी चारदा गेलो होतो. दोनदा लग्नाला, एकदा मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाला आणि एकदा डोळ्याच्या ऑपरेशनला. पाचव्यांदा भांडायला गेलो. भांडायला जाणारा माणूस गाव नीट बघतो, हा माझा अनुभव आहे. सौद्याला जाताना मी समोरच्याचं दुकान, त्याच्या चपला, त्याने पाणी विचारलं की नाही, सगळं टिपून ठेवतो. कधी काय उपयोगी पडेल सांगता येत नाही. त्यामुळे या तीन दिवसांत पुणं मला जेवढं दिसलं, तेवढं आधीच्या चार खेपांत मिळून दिसलं नव्हतं.

गेलो कशासाठी, ते आधी सांगतो.

मी खामगावचा. विमा आणि म्युच्युअल फंडाचं काम करतो. बारावीपुढे शिकलो नाही. पोस्टाच्या बचत योजनेपासून सुरुवात केली, सायकलवरून गल्लोगल्ली. आज बाजाराच्या रस्त्यावर स्वतःचं ऑफिस आहे आणि ते कुणाच्या मेहेरबानीने झालेलं नाही. पण गेल्या काही वर्षांत माझ्याकडेच शिकून गेलेला एकजण रोज मोबाइलवर काहीबाही लिहून टाकू लागला, आणि माझे पंधरा-पंधरा वर्षांचे ग्राहक त्याच्याकडे वळले. ते मला लागलं. मी ज्यांच्या घरी बारशाला जेवलो ती माणसं चार ओळी वाचून दुसऱ्याकडे जातात, म्हणजे काय?

म्हणून पुण्याच्या एका एजन्सीला काम दिलं. सल्लागारांना, छोट्या दुकानदारांना ही एजन्सी दर आठवड्याला लिहून देते. लेख, छोट्या गोष्टी, चित्रं. खाली आपला फोटो, नाव आणि नंबर. याला कंटेंट म्हणतात. दर सोमवारी मजकूर यायचा, मी 'चालेल' लिहून पाठवायचो, आणि तो माझ्या पानावर लागायचा.

एका मंगळवारी सकाळी नांदुऱ्याचे एक जुने कापूस व्यापारी आमच्या घरी आले. पांढरी टोपी, गळ्यात उपरणं, चेहरा उतरलेला. दार अप्पांनी उघडलं. अप्पा म्हणजे माझे वडील. ऐंशी ओलांडलेत, पण दार अजून तेच उघडतात.

व्यापारी उंबऱ्यातच थिजले. "मापारी, तुमी?"

"मंग कोन?"

"मी... मी तुमच्याच दुखवट्याले आलो व्हतो."

अप्पा आधी हसले. "आले तर बसा. मेलो नाई तरी चहा हाये," म्हणाले. व्यापाऱ्यांनी मोबाइलवर बातमी वाचली होती. चहा झाल्यावर अप्पांनी ती वाचून दाखवायला सांगितली. व्यापाऱ्यांनी वाचलं. माझ्या हसऱ्या फोटोच्या वर लिहिलं होतं:

'विम्याचा माणूस आमच्याकडे तीनदा आला. दोनदा बाबा म्हणाले, दिवाळीनंतर बघू. तिसऱ्यांदा त्यांनी मलाच दारात पाठवलं, घरी नाहीत म्हणून सांग. त्यांच्या चपला दारातच होत्या. तो माणूस चपलांकडे बघून परत गेला. दिवाळी आली तेव्हा बाबा नव्हते. त्यांनी आमच्यासाठी काहीच ठेवलं नाही.'

अप्पांचं हसू तिथे थांबलं. मरणाचं त्यांना काही वाटलं नव्हतं. 'काहीच ठेवलं नाही' हे मात्र लागलं. आयुष्यभर त्यांनी बाजार समितीत कापूस मोजला. विकणारा आणि घेणारा, दोघंही त्यांच्या काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. माझी पहिली सायकल त्यांनी हातातलं चांदीचं कडं मोडून घेतली होती.

मी ती पोस्ट त्याच मिनिटाला काढून टाकली आणि तसं सांगायला गेलो. अप्पा म्हणाले, "फाडून टाकलं म्हंजे खोडलं का?"

हे नवख्याला कळणार नाही. मापाऱ्याच्या हातून चुकीचं वजन लिहिलं गेलं, तर अप्पा पावती फाडत नसत. दोघांच्या समोर चुकीचा आकडा खोडायचा, तो वाचता येईल असा ठेवायचा, खाली बरोबर लिहायचा आणि सही करायची. फाडलेल्या पावतीचा संशय उरतो, खोडलेल्या पावतीचा उरत नाही, असं ते म्हणत.

"ज्यानं लिवलं त्याच्याकून पुसून आन. तवर माह्यासंग बोलू नोको," एवढं सांगून ते आत गेले. त्यानंतर माझ्यासोबत जेवायलाही बसले नाहीत. त्यांचं ताट आधी वाढलं जायचं, माझं ते उठल्यावर. आठ दिवस मी ते सहन केलं. नवव्या दिवशी पुण्याची गाडी धरली.

नारायण पेठ

एजन्सीचं ऑफिस एका लग्नपत्रिकांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, भिंती नव्याने रंगवलेल्या. आत दहाबारा तरुण मुलंमुली कानाला यंत्रं लावून बसलेली.

"अपॉइंटमेंट आहे?" टेबलाशी बसलेल्या मुलीने विचारलं.

"भांडायला अपॉइंटमेंट लागते का?"

"इथे सगळ्यालाच लागते काका. बसा."

आमच्याकडे भांडायला आलेल्यालाही आधी पाणी देतात. इथे पाण्याचं यंत्र कोपऱ्यात होतं आणि ते बोटाने दाखवलं गेलं. मी स्वतः उठून पाणी प्यालो आणि ते मनात टिपून ठेवलं.

मालकाचं नाव केदार. तिशीचा, आवाज गोड. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, वाईट वाटलं ऐकून. काढून टाकतो."

"मी काढलीय."

"मग झालंच की."

"झालं? माझा बाप मारला तुम्ही!" मी टेबलावर हात आपटला. बाहेरच्या सगळ्यांनी कानातली यंत्रं काढली.

केदार चिडला नाही. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सोमवारी मजकूर मला पाठवल्याची वेळ. त्याखाली माझं उत्तर, 'चालेल'. मधे एक मिनिटही गेलं नव्हतं.

मला आठवलं. मी तेव्हा चहाच्या टपरीवर होतो, एका हातात ग्लास होता. न वाचताच पाठवलं होतं. तीस वर्षं मी माणसांना सांगत आलो, फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नका. बायकांना सांगितलं, मास्तरांना सांगितलं, एका वकिलालाही सुनावलं. आणि माझ्या नावाने जे जगासमोर जाणार होतं ते मी चहाच्या एका घोटाइतक्या वेळात पास केलं.

"उद्या आमचं वर्कशॉप आहे," केदार म्हणाला. "सल्लागार आणि छोट्या व्यावसायिकांसाठीच. तुम्ही या, फी नको. दुपारी शांतपणे बसू."

रागात असलो तरी फुकट मिळालेली जागा मी सोडत नाही. "जेवण धरून?" मी विचारलं.

"जेवण धरून."

त्या दिवशी खानावळीत जेवलो. आमटी गोड लागली. वाढणाऱ्याला म्हटलं, "गूळ जास्त पडलाय का आज?" तो वाटी भरत म्हणाला, "नाही. तुम्हाला सवय कमी पडलीय." एरवी मी त्याला सोडला नसता. पण त्या दिवशी माझ्यातली हवाच गेली होती. चूक पूर्णपणे दुसऱ्याची असली की भांडायला जोर येतो. अर्धी आपली निघाली की जेवणही उतरत नाही.

हॉलमधली सकाळ

वर्कशॉपला साठेक माणसं होती. माझ्यासारखे विम्याचे, फंडाचे, टॅक्सचे. शिवाय बेकरीवाले, साड्यांचा घरगुती धंदा करणाऱ्या बायका, डबे देणाऱ्या दोघी. माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, पुढ्यात जाड वही. नाव उस्मानभाई. बुधवार पेठेत मिक्सरच्या सुट्या भागांचं दुकान, तेही आजोबांपासूनचं.

"तुम्हाला याची काय गरज?" मी विचारलं.

"मुलाने पैसे भरलेत. वाया गेले असते. आणि जेवण आहे असं छापलं होतं."

केदार बोलायला उभा राहिला. मला त्याचा राग होता, पण खरं ते सांगायला हवं: माणूस बोलत होता ते चुकीचं नव्हतं. तो म्हणाला, ग्राहकाला तुमची योजना नको असते, त्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं. 'आमच्याकडे उत्तम योजना आहेत' हे कुणी वाचत नाही. 'वडिलांच्या नावावरची ठेव त्यांच्यानंतर कशी काढायची' हे माणूस वाचतो, जपून ठेवतो, भावाला पाठवतो. एका वेळी एकच गोष्ट सांगा. परताव्याचं आश्वासन कधीही देऊ नका. आठवड्यातून एकदाच लिहा, पण ठरल्या वारी लिहा. मी हे सगळं पाकिटाच्या मागे उतरवून घेतलं. शत्रूचा माल चांगला असेल तर तो चांगला म्हणावा. भाव पाडताना म्हणू नये, एवढंच.

मग तो म्हणाला, "आणि गोष्ट सांगा. आमची या वर्षातली सगळ्यात जास्त वाचली गेलेली पोस्ट बघा."

पडद्यावर तीच पोस्ट आली. चपला, दिवाळी, सगळं. फक्त खाली फोटो माझा नव्हता. नाशिकच्या कुणा सल्लागाराचा होता.

म्हणजे माझे वडील नाशिकलाही मेले होते.

मी खुर्चीवरून उठलो. तोंडातून शब्द निघणार, एवढ्यात बाहीला ओढ बसली.

"बसा," उस्मानभाई हळूच म्हणाले. "जेवण व्हायचंय अजून."

मी बसलो. त्यांच्यामुळे नव्हे. तेवढ्या वेळात हिशेबी डोकं जागं झालं: आता ओरडलो तर साठ लोकांची करमणूक होईल आणि माझ्याकडे फक्त बसलेला घसा उरेल. दारूगोळा संपवून सौद्याला बसणारा मी नव्हे.

बुधवार पेठ

जेवण उभ्यानेच होतं. सुंदर मांडलेलं आणि थोडंसं. उस्मानभाईंनी ताटलीकडे बघितलं आणि म्हणाले, "हेही कंटेंटच आहे. फोटोपुरतं. चला, दुकान जवळच आहे माझं."

चालत गेलो. पुस्तकांची दुकानं मागे पडली, वायरींची आणि दिव्यांची सुरू झाली. देवळाच्या रांगेतून वाट काढत आम्ही एका बोळात शिरलो. दुकान दहा फूट रुंदीचं. भिंतभर खोके, प्रत्येकावर खडूने लिहिलेलं. त्यांनी घरून आलेला डबा उघडला, अर्धा माझ्यापुढे केला आणि काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. 

मग त्यांनी पुढ्यातली जाड वही माझ्याकडे सरकवली. मला वाटलं उधारी असेल. तसलं काही नव्हतं. गिऱ्हाईक दारात येऊन पहिलं वाक्य काय बोललं, ते त्या वहीत लिहिलेलं होतं. 'मिक्सरमधून जळका वास येतो.' 'भांडं बसतं पण फिरत नाही.' 'आईच्या वेळचा आहे, टाकवत नाही.' अशी पानंच्या पानं.

"वडिलांनी लावलेली सवय," ते म्हणाले. "ते म्हणायचे, गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य खरं असतं. दुसऱ्यापासून तो भाव करायला लागतो."

त्यांचा मुलगा या वहीतलं एकेक वाक्य घेऊन मोबाइलवर उत्तर देतो. त्यात घरच्या घरी काय दुरुस्त होईल तेही सांगून टाकतो.

"मग धंदा कसा होतो?" मी विचारलं.

"ज्याला घरी जमत नाही तो कुणाकडे जाणार? ज्याने खरं सांगितलं त्याच्याकडे." मग म्हणाले, "तुमच्याकडे तीस वर्षांची गिऱ्हाइकं आहेत म्हणता. त्यांची पहिली वाक्यं कुठेयत?"

 तीस वर्षं मी उंबऱ्याउंबऱ्यावर माणसं ऐकली होती. त्यातलं एक वाक्य मी लिहून ठेवलं नव्हतं, आणि दुसऱ्याच्या दारातलं वाक्य माझं म्हणून छापू दिलं होतं.

दुसऱ्याच्या दारातलं. हे मनात आलं आणि मी घास हातात धरून थांबलो. चपला. दारात असलेल्या चपला मी किती वेळा पाहिल्या होत्या! 'बाबा घरी नाहीत' म्हणणारं पोर, आणि त्याच्या पायाशी बाबांच्या चपला. त्या चपलांकडे बघून मी कितीदा परत फिरलो होतो. हे टेबलाशी बसून सुचणारं नव्हतं. हे कुणीतरी दारात उभं राहून पाहिलेलं होतं.

"उस्मानभाई," मी म्हटलं, "ती गोष्ट खोटी नाही. ती फक्त माझी नाही."

पुन्हा नारायण पेठ

दुपारच्या सत्राला तास बाकी होता. उस्मानभाई माझ्यासोबत आले आणि केदारच्या केबिनमध्ये न बोलावता बसले.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली, म्हणजे गप्प बसलो. समोरच्याला शांतता सोसत नाही, तो स्वतःच भाव वाढवत जातो. केदारने आधी माफी मागितली. मग भरलेले पैसे परत देऊ केले. मग सहा महिने फुकट काम. मी तिन्हीला नकाराची मान हलवली.

"मग नक्की काय हवंय काका?"

"कुणी लिहिलं ते बघायचंय."

त्याने एका मुलीला बोलावलं. पंचविशीची असेल, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. "ही प्रणाली, आमची रायटर. प्रणाली, काकांना सॉरी म्हण."

"सॉरी नको," मी म्हटलं. "चपला कुठून आणल्यास ते सांग."

तिने केदारकडे बघितलं. केदारने लॅपटॉपकडे.

मी आमच्या बोलीत विचारलं, "कोन्या गावची तू?"

तिचा चेहरा बदलला. "कारंज्याची. तुमी?"

"खामगाव. बाप काय करे तुहा?"

"कूलर बनवत. खसाच्या टट्ट्या बांधत," ती म्हणाली. पुण्यातल्यांसाठी सांगतो: आमच्याकडे उन्हाळ्यात वाळ्याच्या मुळांच्या जाळ्या ओल्या करून कूलरला लावतात, त्या टट्ट्या. "एप्रिलमधे कूलर जोडतानाच शॉक लागला. मी अकरावीत होती. इम्याचा मानूस आला त्या दिवशी दारात मीच गेली होती, काका. चपला मलेच दिसल्या होत्या."



तिने पुढचं शुद्ध मराठीत सांगितलं, एकेक शब्द जपून. एका मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगण्यात आलं होतं की मनातलं, खरं काहीतरी लिहा. तिने लिहिलं. तिला वाटलं एजन्सीच्या पानावर तिच्या नावाने येईल. पण ते तयार मजकुराच्या साठ्यात गेलं. जिथे हवं तिथे मुलीचा मुलगा केला गेला आणि चाळीस सल्लागारांना पाठवलं गेलं. चाळीस जणांनी 'चालेल' म्हटलं.

"आणि 'काहीच ठेवलं नाही' हे?" मी विचारलं.

"ते मी लिहिलं नव्हतं." आता ती केदारकडे बघून बोलत होती. "मी लिहिलं होतं, चार मोटारी ठेवल्या, पान्यांची पेटी ठेवली, आणि टट्टी बांधायची हातोटी ठेवली. आई अजून त्यावरच घर चालवते. ते कापून तीन शब्द केले. जास्त परिणाम होतो म्हणून."

मी इतका वेळ एकाच बापासाठी भांडत होतो.

केदार वाईट माणूस नव्हता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तरी धंदेवाला होता, त्याने बरोबर जागी बोट ठेवलं. "काका, खरं सांगा. त्या पोस्टने तुम्हाला फोन आले की नाही?"

"आले. चार."

"फॉर्म भरला गेला?"

"एक."

"मग?"

 जुन्या ओळखीवर मिळालं असतं त्याहून सोपं गिऱ्हाईक मला एका परक्या पोरीच्या दुःखावर मिळालं होतं. माझे ग्राहक पळवणाऱ्या त्या माणसाला मी दोन वर्षं शिव्या घालत होतो. त्याने निदान स्वतःचं स्वतः लिहिलं होतं.

"मग हे," मी म्हटलं. "तो फॉर्म भरणाऱ्या बाईंना मी खरं सांगणार. ते माझ्यावर. तुझ्यावर दोन गोष्टी. माझ्या पानावर जुना मजकूर खोडलेला दिसेल असा लावायचा, आणि खाली बरोबर काय ते. आणि ही गोष्ट बाकीच्या एकोणचाळीस पानांवरून काढायची, आणि का काढली ते त्या सल्लागारांना कळवायचं."

"पहिलं करतो. दुसरं अवघड आहे. एवढे क्लायंट आहेत, काका. काय सांगू त्यांना?"

मी घड्याळात बघितलं. "दुपारच्या सत्रात प्रश्नोत्तरं आहेत ना? मला एक प्रश्न आहे."

"मलाही आहे," उस्मानभाई म्हणाले. "माझा जरा मोठा आहे."

केदारने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग प्रणालीकडे. शेवटी तो आमच्याशी नाही, तिच्याशी बोलला. "तू आधी सांगितलं का नाहीस?"

"नोकरी आहे, सर."

त्याने डोळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सगळीकडून काढतो. मेल मीच लिहितो." मी ते त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं. शब्दाला किंमत असते, पण कागदाला तारीख असते.

मग मी आणि प्रणाली एका टेबलाशी बसलो. ती विचारत गेली, मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. मी म्हटलं, "लिही, माझे वडील अत्यंत प्रामाणिक होते." तिने लिहिलं नाही. "काका, प्रामाणिक हा शब्द सगळे लिहितात. ते काय करत ते सांगा." मग मी पावतीचं सांगितलं, खोडून खाली सही करायचं. तिने ते एका दमात उतरवून घेतलं. सल्लागारांनी कसं लिहावं याचे सकाळभर धडे घेतले, त्यातला हा एकच मला पुरला असता.

मजकूर एवढा झाला: 'वर खोडलेली गोष्ट माझी नाही. मी ती न वाचता माझ्या नावाने लावू दिली. माझे वडील जिवंत आहेत. ते मापारी होते. चुकलेलं वजन ते दोघांसमोर खोडत आणि खाली सही करत. त्यांनी हातातलं कडं मोडून मला हिरवी सायकल घेऊन दिली. त्या सायकलवर मी हे काम सुरू केलं. त्यांनी माझ्यासाठी काय ठेवलं, ते माझ्या ग्राहकांना माझ्या कामातून दिसलं नसेल, तर तो दोष माझा.'

मी तीनदा वाचलं. मग 'चालेल' म्हटलं.

"आणि तुझी?" मी तिला विचारलं. "पुसून टाकू म्हणतेस?"

 "चाळीस लोकांच्या नावाखाली होती ती," ती म्हणाली. "एकदा तरी बाबांच्या नावाखाली असू द्या." तिने ती स्वतःच्या पानावर लावली, मोटारी आणि पान्यांच्या पेटीसकट, वडिलांच्या पूर्ण नावाने.

मंडई

निघायच्या सकाळी मंडईत गेलो. अप्पांना अंजीर आवडतात. एका मावशींच्या पाटीतलं अंजीर उचलून दाबून बघितलं, तर त्या म्हणाल्या, "घ्यायचं असेल तर घ्या काका. दाबून दाबून फळाला ताप आणू नका."

"भाव काय?" विचारलं. त्यांनी सांगितला. मी निम्मा सांगितला. त्यांनी पाटीवर फडकं टाकलं. मी चार पावलं गेलो, परत आलो. ही माझी नेहमीची चाल आहे, आणि ती त्यांनाही माहीत होती. फडकं जागचं हललं नाही. शेवटी त्यांच्याच भावाने घेतले. बांधून देताना म्हणाल्या, "वरचे आज खा. खालचे उद्या. गाडीत खालचे काढाल आणि मला नावं ठेवाल." न विचारता सांगितलं.

तिथेच मंडईच्या पायरीवर बसून मी त्या फॉर्मवाल्या बाईंना फोन केला. मलकापूरच्या शिक्षिका आहेत. म्हटलं, ती गोष्ट माझी नव्हती, माझे वडील हयात आहेत, फॉर्म रद्द करायचा तर मी येऊन करतो. 

"मला रडू आलं होतं हो ते वाचून," त्या म्हणाल्या. "विचार करून सांगते."

अजून सांगितलेलं नाही.

घरी

अप्पा ओट्यावर बसले होते. मी अंजिरांचा पुडा ठेवला, मोबाइल काढला आणि उभ्यानेच वाचायला लागलो. आधी खोडलेलं, मग खालचं. ते रस्त्याकडे बघत ऐकत होते. सायकलपाशी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हिरवी नोयती. काळी व्हती."

"अप्पा, हिरवी..."

"काळी. हिरवी तू मागत व्हता. ते महाग व्हती."

नऊ दिवस आणि तीन दिवस, त्यानंतरचं हे पहिलं वाक्य. मी बदलायला लागलो, तर म्हणाले, "तसं नाई. खोड. खाली लिव." मी त्यांच्या समोर बसून 'हिरवी' खोडली, ती दिसेल अशी ठेवली, आणि खाली 'काळी' लिहिलं.

मग मी त्यांना प्रणालीचं सांगितलं. कारंजा, कूलर, चपला, मोटारी. त्यांनी एक अंजीर उचललं, उलटसुलट बघितलं, पण खाल्लं नाही.

"तिच्या बापाचं नाव लिवलं का तिथं?"

"लिहिलं. पूर्ण."

"तू वाचलं?"

"वाचलं, अप्पा."

त्यांनी अंजीर परत पुड्यात ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. आत जाताना दारातूनच म्हणाले, "मंग दोन ताटं घे."